लगन झाल्यावर कायले?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यवतमाळात आमच्या गल्लीतल्या पंधरा-वीस जणी जमलो होतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय मी काढला, तशी एक वहिनी पटकन म्हणाली, "पोरीले आताच कायले वो असली लस? लगन झाल्यावर पाहू." बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू येईना.

कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो. एकदा शिरला, की लस त्याला बाहेर काढू शकत नाही. म्हणून नऊ ते चौदा हे वय सगळ्यांत चांगलं. यात पोरीच्या वागणुकीचा प्रश्न येतोच कुठे? आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. पोलिओचा डोस आपण पाय लुळा पडल्यावर देतो का?

आणि आपल्यासारख्या, लसीचं वय उलटलेल्या? आपल्यासाठी तपासणी आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या डॉक्टरांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ जणी गेल्या. चाचणी न दिलेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. खेड्यापाड्यातल्या त्या बायकांनी लाज बाजूला ठेवली, म्हणून हे जगाला कळलं. मग आपणच का मागे राहायचं?

तिशी ओलांडली असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करा. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, तर "होईल बरं" म्हणून घरात बसू नका. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करायचीच आहे.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. मुलीला लस कुठे, कशी मिळेल, हे आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना विचारा. पोरीच्या लग्नासाठी आपण ग्रॅम-ग्रॅम सोनं जमवतो. मैत्रिणींनो, ही लसही लग्नाआधीच्या त्याच तयारीत धरा.