दहापटीची मेख

सामाजिक काम करणाऱ्या संस्थेला फ्रान्समध्ये सरकारी शिक्का हवा असेल, तर अर्ज प्रीफेकडे जातो. प्रीफे म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्याचा तिकडचा भाऊबंद. शिक्क्याचे नाव 'एस्यूस'. 31 जुलै 2014 च्या कायद्याने त्याला आजचे रूप आले. आपला धंदा लोकोपयोगी आहे आणि त्यापायी नफ्याला झळ बसते, हे कागदोपत्री दाखवायचे. एवढे कोणीही लिहून देईल. मेख पुढे आहे. संस्थेतल्या सर्वांत बड्या पाच पगारांची सरासरी किमान वेतनाच्या सातपटीवर जाता कामा नये, आणि कोणा एकाचाही पगार दहापटीवर. ही अट नुसती अर्जात मान्य करून भागत नाही, संस्थेच्या घटनेत लिहावी लागते.

दहापट म्हणजे काही वैराग्य नव्हे. तिथले किमान वेतन महिना 1,800 युरोच्या घरात आहे. त्याच्या दहापटीत साहेबांचा संसार झकास चालेल. तरीही 'साहेब स्वतः किती घेतात?' हा प्रश्न सरकारी फॉर्मवर छापलेला असणे, हीच मोठी गोष्ट.

मान्यता पाच वर्षांची. तीन वर्षेही न झालेल्या संस्थेला दोनच वर्षांची. शिक्का म्हणजे पैसा नव्हे, पण पैशाकडे जाणारी वाट त्यातून निघते. तिथल्या कंपन्या कामगारांसाठी बचत योजना चालवतात. अशा प्रत्येक योजनेत निदान एक 'एकजुटीचा' फंड ठेवणे 2010 पासून बंधनकारक आहे. त्यातले 90 टक्क्यांच्या आसपास पैसे नेहमीच्या शेअर-रोख्यांत जातात, 5 ते 10 टक्के शिक्केवाल्या संस्थांत. फंड निवडायचा की नाही, ही कामगाराची मर्जी. शिक्केवाल्यांपैकी 'तेर द लियाँ'चे उदाहरण घ्या. सामान्य नागरिकांना शेअर देऊन ही संस्था शेतजमीन विकत घेते, सेंद्रिय शेती करणाऱ्याला खंडाने देते आणि ती जमीन पुन्हा बाजारात येऊ देत नाही. तिचे शेअरही शेअर बाजारात नाहीत. ती तर शिक्क्याचीच आणखी एक अट!

आपण नेमके उलट्या दाराने शिरलो. 2019 च्या अर्थसंकल्पात 'सोशल स्टॉक एक्स्चेंज'ची घोषणा झाली, 2022 मध्ये सेबीचे नियम आले आणि सामाजिक संस्थांचे दुकान थेट शेअर बाजारातच मांडले गेले. त्या नियमांत किमान 67 टक्के काम सामाजिक असल्याचे मोजमाप आहे, लेखापरीक्षण आहे, अहवाल आहेत. साहेबाचा पगार कामगाराच्या किती पट, हे मात्र पात्रतेत कोणी विचारत नाही. विचारले ते असे: गेल्या वर्षी तुम्ही निदान 50 लाख रुपये खर्च केलेत का? पैसे देणाऱ्याचा उंबरठा 2 लाखांवरून 10 हजारांवर आणि 2025 मध्ये 1 हजारावर आला, हे चांगलेच झाले. पण घेणाऱ्याच्या दारातली 50 लाखांची पायरी मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या एखाद्या छोट्या संस्थेने चढायची कशी? तिच्या ताईंचे अर्धे वर्ष धर्मादाय आयुक्तांकडचा हिशेब आणि 80-जीचे कागद सांभाळण्यातच जाते.

बरे, चढलीच ती पायरी, तरी तिथे मिळणारे पैसे बहुतेक देणगीच्याच जातीचे. 'झीरो कूपन, झीरो प्रिन्सिपल', म्हणजे व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही. पैसे देणारा पुण्य घेऊन घरी जातो. फ्रेंच कामगाराचे तसे नाही. त्याची बचत त्याचीच राहते, वाढते किंवा घटते, आणि तिचा एक कोपरा कोणाच्या तरी शेतात राबत असतो.

चाकणच्या कारखान्यातल्या कामगाराचा पीएफ दर महिन्याला पगारातून कापला जातो. तो सरकारी रोख्यांत जातो, थोडा शेअर बाजारातल्या ईटीएफमध्ये. त्यातला शंभरातला एखादा रुपया शेजारच्या तालुक्यातल्या अशा संस्थेत लावायचा का, असे त्याला विचारणारा रकाना कुठल्याही फॉर्मवर नाही.