शिवी, आरोप आणि नाव

मागच्या वर्षी एका तरुण कवीने आपल्या कवितासंग्रहाचे हस्तलिखित आमच्याकडे वाचायला पाठवले. मुलगा मराठवाड्यातला, बापाचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान, स्वतः बी.एड. झालेला आणि नोकरीच्या शोधात. पहिल्या पानावर संग्रहाचे शीर्षक होते, 'लांड्या'. सोबत चिठ्ठी होती : "सर, दलितांनी त्यांना दिलेल्या शिव्या साहित्यात आणल्या. आपण कधी आणणार?"

प्रांजळपणे सांगायचे तर आमची पहिली प्रतिक्रिया लाजेची होती. आम्ही पेन्सिल घेतली, 'लां' हे अक्षर ठेवले आणि पुढे तीन टिंबे दिली. मग ती टिंबे खोडली. कारण हा शब्द आमच्या कानावर कधी टिंबे देऊन आला नव्हता. सातवीत असताना कबड्डीच्या मैदानावर तो पूर्ण आला होता, तोही शेजारच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राच्या तोंडून. पट्टीवर पकड सुटली म्हणून तो चिडला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याच मित्राने आमच्या डब्यातला खिमा खाल्ला. त्याला आपण काही बोललो होतो हे आठवतही नव्हते. आम्हांला मात्र आज पंचावन्न वर्षांनंतरही मैदानाची ती बाजू, चुन्याची ती रेघ दिसते.

आपल्या मुस्लिम मराठी साहित्यिकांत या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. वडीलधारे म्हणतात, असले शब्द आपल्या अंकांत नकोत, घरात आयाबहिणी वाचतात. तरुण म्हणतात, शब्द छातीवर मिरवला की त्याची धार जाते. आम्हांला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. वडीलधाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे की, त्या आयाबहिणींनी हा शब्द ऐकलेला नाही असे तुम्हांला खरेच वाटते काय? एस.टी. स्टँडवर, रेशनच्या रांगेत, भाड्याची खोली पाहायला गेल्यावर? तरुणांचे म्हणणे त्याहून गंभीर आहे. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

मुसलमानाला मराठीने किती नावे दिली, ते आधी पाहू. यवन हा मूळचा आयोनियन ग्रीकांसाठीचा शब्द, तो फिरत फिरत आपल्यावर येऊन बसला. म्लेंच्छ म्हणजे ज्याची बोली नीट कळत नाही असा. अविंध म्हणजे ज्याचे कान विंधलेले नाहीत असा. बखरी या शब्दाने भरलेल्या आहेत. आणि लांडा म्हणजे शेपूट तुटलेले जनावर, म्हणून सुंता झालेला माणूस. जीभ, कान आणि त्याखालचे सारे झाले. माणूस काय करतो, काय पिकवतो, काय विणतो हे यातल्या एकाही शब्दात नाही.

यातला 'अविंध' हा शब्द मात्र एका माणसाने उचलला. श्रीगोंद्याचे शेख महंमद, सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम'कार. त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःला अविंध म्हणवून घेतले आणि त्याच श्वासात आपल्या भक्तीची साक्ष दिली. शिवी अंगावर घेण्याची ही पद्धत आपण कोणा परक्याकडून शिकायला नको, ती आपल्याच मराठीत पावणेचारशे वर्षांपूर्वीची आहे. पण त्यांनी ते कसे केले हेही पाहा. 'शेख महंमद' हे नाव त्यांनी पुसले नाही. शब्द नावाच्या शेजारी आणून बसवला, नावाच्या जागी नाही. ऐकणाऱ्याला आधी माणूस भेटतो, मग त्याला लोक काय म्हणतात ते कळते. आमच्या तरुण मित्राच्या शीर्षकात नाव कुठेच नाही, नुसता शब्द आहे.

आता दलित साहित्याचा दाखला. तो नेहमी दिला जातो आणि बहुधा चुकीचा दिला जातो. 'दलित' ही शिवी नव्हती. ते एका अवस्थेचे नाव होते, आणि १९७२ साली पँथरने त्याचा झेंडा केला. शिवी होती ती 'अक्करमाशी'. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली ती आत्मकथेचे शीर्षक केली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चे. ही शीर्षके का टिकली? अक्करमाशी म्हटले की आधी बोट आईकडे जाते. पण पुस्तक वाचून संपेपर्यंत ते बोट वळून वाड्यावरच्या पाटलाकडे गेलेले असते. उचल्या म्हटले की वाचकाला विचारावे लागते, जमात जन्मताच गुन्हेगार ठरवणारा कायदा कोणी केला? शिवी उलटते, कारण तिच्या पोटात शिवी देणाऱ्याचा गुन्हा दडलेला असतो.

'लांड्या' या शब्दाच्या पोटात काय आहे? एक सुन्नत आहे. तिची आपल्याला लाज नाही. आपल्या घरांत त्या दिवशी पोराला हार घालतात, गोडाचे जेवण होते. तेव्हा छातीवर मिरवून आपण धुऊन काढणार तरी काय? जी लाज आपली नव्हतीच, ती मिरवणार कशी? पण हा शब्द निरुपद्रवी आहे असेही नाही. दंगलीत पॅन्ट उतरवून माणसाचा धर्म पाहिला जातो. फाळणीपासून हे चालत आले आहे. त्या क्षणी हा शब्द शिवी राहत नाही, तो कपडे उतरवण्याचा हुकूम असतो. हुकूम मिरवता येत नाही. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला आपल्या सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता रस्त्यात ठार मारला गेला. मारणाऱ्यांनी त्याचे नाव विचारण्याची तसदी घेतली नव्हती. दाढी आणि टोपी पुरली. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेव्हा हा शब्द पुस्तकावर मिरवणाऱ्याने एकदा विचार करावा : पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात सुरक्षित राहील, पण "तुमचेच लेखक म्हणतात की" हे वाक्य ऐकायला नाक्यावर दुसराच कोणी उभा असेल.

आम्ही भितो, असे तो मुलगा म्हणेल. होय, भितो. स्वतःसाठी नाही, आमचे वय झाले.

आणखी एक फरक आहे, आणि तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्यावर फेकले जाणारे सगळेच शब्द शिव्या नाहीत. काही आरोप आहेत. 'पाकिस्तानी', 'औरंग्याची औलाद', 'बांगलादेशी' या शिव्या नव्हेत, ही आरोपपत्रे आहेत. शिवी अंगावर घेतली तर फार तर अंगाला चिकटते. आरोप अंगावर घेतला तर तो कबुलीजबाब होतो. २०२३ च्या जूनमध्ये औरंगजेबाच्या मोबाइल स्टेटसवरून कोल्हापूर पेटले, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडी 'औरंगजेबाच्या औलादी' आल्या, हे आपण पाहिले. ती भाषा निषेधार्हच होती. एका पोराच्या मोबाइलसाठी अख्ख्या मोहल्ल्याच्या काचा फोडणे त्याहून निषेधार्ह. पण ज्या पोरांनी चिडून, 'म्हणताच ना, मग घ्या' म्हणून ते चित्र लावले असेल, त्यांना घरच्या माणसांनी सांगायला हवे होते की बाबांनो, तुम्ही कोणाची कागदपत्रे आपल्या हाताने सही करून देत आहात? ज्या औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूरची आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याची सत्ता बुडवली, त्याच्याशी दख्खनच्या मुसलमानाचे नाते औलादीचे कधी होते? आपण बोलतो ती दखनी दिल्लीची लेक असेल, पण ती वाढली आदिलशाहीच्या अंगणात.

आसामातल्या लोकांनी हे आपल्यापेक्षा चांगले ओळखले. ब्रह्मपुत्रेच्या चरांवर राहणाऱ्या बंगाली मूळाच्या मुसलमानांना तिथे 'मिया' म्हणून हिणवतात. २०१६ मध्ये हाफिज अहमद यांच्या एका कवितेपासून तिथल्या तरुणांनी तोच शब्द घेतला आणि मिया कविता नावाचा प्रवाहच उभा राहिला. जुलै २०१९ मध्ये दहा जणांवर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. कवितेसाठी अटकपूर्व जामीन घ्यावा लागला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला नागरिक नोंदणीची यादी आली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. लक्षात घ्या, त्यांनी 'मिया' घेतला, 'बांगलादेशी' घेतला नाही. मियाँ हा मुळात आदराचा शब्द, आपल्याच घरातून चोरीला गेलेला. चोरीचा माल परत घेण्यात कमीपणा नाही. आपल्याकडेही 'मियाँ मूठभर, दाढी हातभर' म्हणून त्याची टवाळी झाली. दलाल फोनवर हळूच 'मियाँभाई नको' म्हणतो, आणि तोच 'मियाँभाई' आपली पोरे रिक्षाच्या मागच्या काचेवर ऐटीत रंगवतात. हा शब्द अवश्य घ्या. त्यासाठी कोणा साहित्यिकाच्या परवानगीची वाट रिक्षावाल्याने पाहिली नाही, हे बरेच झाले.

आता थोडे घरातले. हे लिहिल्याशिवाय आम्हांला वरचे लिहिण्याचा अधिकार नाही. 'जुलाहा', 'पिंजारी', 'हज्जाम', 'कसाई' या शिव्या आपल्याला कोणी दिल्या? आपल्याच दस्तरखानावर, लग्नाची बोलणी चालू असताना, आपल्याच अश्रफ म्हणवणाऱ्यांनी. जुलाह्यांनी तो शब्द मिरवला नाही. ते अन्सारी झाले. पिंजारी मन्सूरी झाले, कसाई कुरैशी झाले. मालेगाव-भिवंडीच्या मागांवर बसलेल्या माणसाला शिवीचे सोने करण्यापेक्षा नवे नाव घेणे सोपे आणि शहाणपणाचे वाटले. आम्ही त्यांना दोष देणार नाही. पुढे ओबीसींच्या सवलतींचा प्रश्न आला तेव्हा तहसील कचेरीत आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागला, कारण त्यावर टाकून दिलेला तो जुना शब्द लिहिलेला होता. ज्या शब्दावरून नाते मोडले, त्याच शब्दावर पोराला प्रवेश मिळाला. आमच्या ओळखीच्या एका चाचांनी तो दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवला आहे, आणि पाहुणे आले की कपाटाला कुलूप लावतात. शिव्यांच्या पुनर्वसनावर परिसंवाद घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी एकदा त्या कपाटापुढे उभे राहावे.

हस्तलिखिताचे काय केले ते सांगून थांबतो. त्यात एक कविता आहे. शाळेत पी.टी.चे सर रांग सरळ करताना एका मुलाला त्या शब्दाने हाक मारतात. मुलगा आपलेच नाव असल्यासारखा "हजर" म्हणतो. बाकीची मुले हसत नाहीत, कारण त्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटतच नाही. एवढीच कविता. आम्ही त्या मुलाला कळवले की शीर्षक बदल, संग्रहावर तुझे नाव मोठ्या अक्षरांत येऊ दे. पण या कवितेतला शब्द जसाच्या तसा ठेव. कोण म्हणाले, कुठे म्हणाले, ऊन किती होते, तेही लिही. त्याने रागाने उत्तर दिले की शीर्षक बदलणार नाही. आमचे भांडण अजून चालू आहे. कविता मात्र त्याने आम्हांला दिली, ती याच अंकात पुढे आहे. मुद्रिते तपासताना जुळाऱ्याने सवयीने त्या शब्दाला टिंबे दिली होती. आम्ही ती काढून टाकली.