यजमानपदाची दरखास्त

मोठ्या परिषदा, अधिवेशने आणि व्यवसायबंधूंचे मेळावे कोणत्या गावी भरवावेत, हे ठरविणे हा आता एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे; आणि दिल्लीत भारत मंडपम व मुंबईत जिओ वर्ल्ड सेंटर उभे राहिल्यापासून तर, आपल्याही गावी हजार-दोन हजार खुर्च्यांचे एखादे वातानुकूलित सभागृह असल्यावाचून आपली पत राहणार नाही, अशी धास्ती जिल्ह्याजिल्ह्यांच्या कारभाऱ्यांना पडलेली दिसते. २०२३ साली जी-२०च्या निमित्ताने नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात परदेशी पाहुण्यांच्या बैठका झाल्या, त्यांच्या वाटेवरच्या भिंतींना रंग चढला, दुभाजकांवर कुंड्या आल्या, आणि मग अमरावती-अकोल्याच्या लोकांनी 'आमच्याकडे का नाही?' असे विचारावे हे ओघानेच आले. प्रश्न रास्त आहे. मात्र 'आपल्याकडे तसले सभागृह नाही म्हणून' हे जे त्याचे तयार उत्तर ठेवलेले असते, ते वऱ्हाडचा इतिहास थोडासा जरी चाळला तरी टिकत नाही.

१८९७ सालची गोष्ट घ्या. दुष्काळाने मुलूख गांजलेला, मुंबई-पुण्याकडे प्लेगाने कहर केलेला, रँडच्या खुनानंतर सरकारची नजर करडी झालेली आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात, अशा त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले ते अमरावतीस. त्या वेळी या गावाची वस्ती जेमतेम ३४ हजारांची. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि अंमल मात्र इंग्रज रेसिडेंटाचा, अशी मोठी चमत्कारिक राज्यव्यवस्था. तरीही मद्रासेहून शंकरन नायर अध्यक्ष म्हणून आले. बंगालमधून सुरेंद्रनाथ बॅनर्जी आले व त्यांनी बंदिवासातील टिळकांविषयीची सहानुभूती भर सभेत बोलून दाखविली. आणि स्वागताध्यक्ष म्हणून या सर्वांची सरबराई दादासाहेब खापर्ड्यांनी केली. पंचतारांकित निवासस्थान हा शब्दच ज्या काळी जन्मला नव्हता, त्या काळी देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली माणसे या गावात राहिली, जेवली, भांडली आणि ठराव करून परतली, हे कशाच्या बळावर घडले याचा शोध घेतला तर हाती तीन गोष्टी लागतात: बडनेऱ्यावरून आलेली रेल्वे, कापसाच्या व्यापारातला पैसा, आणि देशभर ज्यांच्या शब्दाला वजन होते असे दोन-चार वकील. त्यांपैकी रंगनाथ नरसिंह मुधोळकर पुढे १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. यजमानाची ओळख मोठी असली की पाहुणा गैरसोयीचा हिशेब मांडत बसत नाही.

त्याच १९१२ साली अकोल्यात हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. पुणे, सातारा आणि बडोदे यांच्या पाठोपाठ हा मान अकोल्याला मिळाला. मुंबईची पाळी त्यानंतर तीन वर्षांनी आली, ही गोष्ट अकोलेकरांनी मुंबईच्या पाहुण्यांना अधूनमधून ऐकवायला हरकत नाही. पुढे १९४७ च्या ऑगस्टच्या ८ तारखेला, स्वातंत्र्य आठवड्यावर येऊन ठेपले असताना, पश्चिम महाराष्ट्राचे आणि विदर्भाचे पुढारी एकत्र बसले तेही याच शहरात, आणि मराठी मुलखाचा एकच प्रांत व्हावा पण त्यात महाविदर्भाला वेगळ्या उपप्रांताचा दर्जा असावा, असा जो करार त्यांनी केला तो अकोला करार म्हणूनच ओळखला जातो. तो पुढे कितपत पाळला गेला हा निराळा आणि कडू विषय आहे. त्याची कैफियत पुन्हा केव्हातरी.

अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवतीचा परकोट या संदर्भात मला नेहमी बोलका वाटतो. निजामाच्या सरकारने तो १८०७ च्या सुमारास बांधावयास घेतला तो पेंढाऱ्यांपासून गावातल्या धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून. म्हणजे परगावच्या मालाला व माणसाला निर्धास्त उतरता यावे, ही तजवीज या शहराच्या पायातच घातलेली आहे. सव्वादोन मैलांच्या घेराचा हा दगडी कोट, त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. सकाळी जवाहर गेटच्या कमानीखाली क्षणभर उभे राहून पाहावे: हातगाडीवाला आणि रिक्षावाला एकाच वेळी आत शिरू पाहत असतात, भिंतीला पाठ लावून दुकाने थाटलेली असतात, तिच्यात ठोकलेल्या खिळ्यांवर विक्रीचे कपडे लटकत असतात, आणि वरच्या दगडांच्या सांध्यांतून पिंपळाच्या रोपट्याने डोके काढलेले असते. तटाला लागूनच संसार चालू असल्यामुळे कोट कोठे संपला आणि घर कोठे सुरू झाले, हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. एखाद्या परिषदेच्या प्रतिनिधीला दोन भाषणांच्या मधल्या वेळात दाखवावे असे शहराजवळ जर काही असेल तर ते हेच आहे, आणि नेमके तेच आपण त्याच्या नजरेआड ठेवू पाहतो. नव्या सभागृहाच्या दरखास्तीला जेवढा कागद खर्ची पडतो, त्याच्या चतुर्थांशात या तटाची डागडुजी आणि दरवाजा ते दरवाजा पायी फिरता येईल अशी वाट, एवढे सहज मांडता येईल.

ऐतिहासिक शहर म्हणून मिरवायचे असेल तर आपल्याला सोयीचा तेवढाच इतिहास मिरवून भागत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य वर्गाची प्रांतिक परिषद भरली, आणि तिच्यापुढचा मुख्य प्रश्न अंबादेवीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडे होण्याचा होता. ज्या शहराने राष्ट्रीय सभेला मांडव घातला त्याच शहरात, तीस वर्षांनंतरही, गावच्याच माणसांना गावच्या देवीच्या पायरीसाठी परिषद भरवावी लागली. पाहुण्यांना शहर दाखविणाऱ्या माहितीपत्रकात ही परिषदही राष्ट्रीय सभेच्या बरोबरीने छापली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उणिवांविषयी. त्या झाकण्यात अर्थ नाही, कारण स्थळ पाहावयास येणारी माणसे त्याच आधी पाहतात. साहित्य महामंडळाची स्थळ निवड समिती ज्या गावांचे निमंत्रण आले असेल तेथे जाऊन मांडवाची जागा, निवासाची व्यवस्था, भोजनाचा बंदोबस्त आणि स्थानिक मंडळींची कुवत प्रत्यक्ष जोखते, आणि कोणतीही शहाणी संस्था हाच शिरस्ता पाळील. अशा समितीला अकोल्यात पहिल्याच दिवशी कळेल की येथे नळाला रोज पाणी नाही. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा जवळ असल्याने विहिरींवरही फारशी भिस्त ठेवता येत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. शिवणीच्या धावपट्टीवरून नियमित प्रवासी विमान उडत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून ते एप्रिल २०२५ मध्ये उडू लागले, पण एवढ्यावर शेकड्यांनी पाहुणे यायचे नाहीत. बाकी दळणवळणाची तक्रार करण्यात मतलब नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या दोन्ही ठिकाणांवरून जातो, आणि ज्या अमरावती-अकोला रस्त्याच्या खड्ड्यांवर आमच्या दोन पिढ्यांनी विनोद केले, त्याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करण्याचा जागतिक विक्रम झाला. दोन शहरांमधले अंतर शंभरेक किलोमीटरांचे. सकाळी एकीकडे भाषण करून दुपारी दुसरीकडे जेवता येते.

मग येथे कोणी यावे आणि कशासाठी? माझ्या मते मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक उत्सवांचा नाद वऱ्हाडने सोडून द्यावा. त्यांना समुद्र लागतो, नाहीतर राजवाडा लागतो, आणि आपल्याजवळ दोन्ही नाहीत. आपल्याजवळ विषय आहेत. कापसावर बोलायचे असेल तर ते अकोल्यात बोलावे, कारण तेथे १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि भाऊसाहेबांच्या जयंतीस, २७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या कृषी प्रदर्शनाला धोतर-टोपीतला शेतकरी आपल्या खर्चाने येऊन शास्त्रज्ञाला उलटे प्रश्न विचारतो. असा श्रोता कोणत्या पंचतारांकित दालनात मिळणार? व्यायामशास्त्रावर बोलायचे तर १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत आहे, ज्याच्या मल्लांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ करून दाखविले. वन आणि आदिवासी जीवन यांवर बोलायचे तर मेळघाट दारात आहे. आणि जुन्या मराठीवर बोलायचे तर महानुभावांचे रिद्धपूर याच जिल्ह्यात असून मराठी भाषा विद्यापीठही आता तेथेच सुरू झाले आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तिच्यावरील परिसंवादांना जो ऊत आला आहे, त्यांतले निम्मे जरी रिद्धपूरच्या पाच-दहा कोसांत झाले तरी वक्त्यांना आपण कशावर बोलत आहोत ते डोळ्यांनी दिसेल.

अशा परिषदा दोनशे ते पाचशे माणसांच्या असतात, आणि तेवढ्या माणसांना आहेत ती सभागृहे पुरतात. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे, अमरावतीत सांस्कृतिक भवन आहे. त्याहून मोठा समुदाय सांभाळण्याची विद्या तर वऱ्हाडला कोणी शिकवावी अशी गरजच नाही. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गावोगावचा जो जनसमुदाय लोटतो, तो ठरल्या क्षणी एकदम स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो; एवढी शिस्त कोणत्याही कंत्राटदाराकडून विकत मिळत नाही. शेजारच्या खानदेशात, फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले, त्याची सजावट नंदलाल बोसांनी गावच्या बांबूतून आणि गावच्या कारागिरांच्या हातून उभी केली होती, आणि तिची आठवण पुढच्या कित्येक संगमरवरी सभागृहांपेक्षा अधिक टिकली. पाहुण्यांच्या ताटाचीही चिंता नको: पानगे-वरण, वांग्याचे भरीत, अमरावतीचा गिलावडा, आणि थंडीचे दिवस असतील तर शेतावर हुरडा.

अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. विभागाचे ठाणे अमरावतीस म्हणून अकोला रुसलेले, कृषी विद्यापीठ अकोल्यास म्हणून अमरावती रुसलेली, हा जुना दावा दोन्ही बाजूंनी अजून चालूच आहे, आणि बाहेरून विचारणा आली की प्रत्येक शहर आपली स्वतंत्र दरखास्त घेऊन धावते. साहित्य संमेलन अकोल्यात शेवटचे भरले १९८१ साली, परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली, अमरावतीत १९८९ साली. त्यानंतर विदर्भात ते यवतमाळला आले, वर्ध्याला आले, या दोघांकडे फिरकले नाही. तेव्हा दोन्ही महापालिकांना आणि दोन्ही विद्यापीठांना माझी विनंती अशी की, नवे सभागृह तूर्त बाजूस ठेवावे. पाण्याचे वेळापत्रक, स्वच्छ प्रसाधनगृहे आणि परकोटाची डागडुजी एवढी कामे आधी मार्गी लावावीत. मग दोन्ही शहरांच्या सहीचे एकच निमंत्रणपत्र लिहून त्यात नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्याच तारखा द्याव्यात. मे महिन्याचे नावसुद्धा काढू नये.