परसबागेतला ड्रम : आधी त्यात काय होते?



२०१८ पासून दर सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय पोषण महिना साजरा होतो. त्यानिमित्ताने शाळा, अंगणवाड्या आणि बचत गटांच्या परसबागांना जोर आला आहे. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या गावात पावसाळ्यात अंगणात पाणी साचते आणि उन्हाळ्यात प्रत्येक हंडा मोजून वापरावा लागतो. तिथे ड्रम, बादली किंवा गोणीत भाजी लावणे सोयीचे ठरते. खर्च नको म्हणून ही भांडी बहुतेक वेळा भंगारातून येतात. इथेच थांबून विचार करायला हवा.

निळा ड्रम धुतला तर चालेल का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. आत रसायन असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. प्लॅस्टिक काही रसायने शोषून घेते. साबणाने वास जातो, पण आत मुरलेला अंश राहू शकतो. शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे अनेक रासायनिक कारखाने आहेत. भंगारातल्या ड्रमवरचे लेबल फाटलेले असेल, तर आत काय होते हे विकणाराही खात्रीने सांगू शकत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे पिंप हाही घातक कचराच आहे.

कीटकनाशकांचे तसेच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामे डबे पुन्हा वापरले जाणार नाहीत अशा रीतीने तोडून, वस्तीपासून दूर पुरायचे असतात. लेबलवरचा हिरवा त्रिकोण पाहून फसू नका. तो कमी विषारी एवढेच सांगतो. डबा भाजीसाठी योग्य आहे असे नाही.

काय वापरावे?

- मातीची कुंडी किंवा मडके सर्वांत निर्धोक. मात्र पाणी लवकर सुकते.
- खाद्यतेलाचा डबा किंवा खाद्यपदार्थांचा ड्रम चालतो. तळाशी २, ४ किंवा ५ हा आकडा असलेले प्लॅस्टिक निवडा. आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, आधी आत काय होते ते नाही.
- बांबूची टोपली आतून गोणपाट लावून एखाद्या हंगामापुरती चालते.
- युरियाची गोणी स्वच्छ धुऊन वापरता येते. पण उन्हाने तिचे धागे तुटू लागले की बदला.

रंगाचे डबे, जुने टायर आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे भाजीसाठी टाळा. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

मेथी, कोथिंबीर, पालक यांना १५ ते २० सेंमी खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटोला किमान ३० सेंमी हवी. तळाला बोटाएवढी चार-सहा छिद्रे पाडा आणि भांडे विटांवर ठेवा.

आधीच लावले असेल तर?

संशयित ड्रममधली भाजी खाऊ नका, गुरांनाही घालू नका. ती माती दुसऱ्या वाफ्यात मिसळू नका. ड्रम जाळू नका आणि त्यात पिण्याचे पाणी किंवा धान्य ठेवू नका.

सहायक कृषी अधिकारी आणि अंगणवाडी सेविकांना एक विनंती. परसबाग पाहायला गेलात की रोपांआधी भांडी पाहा. त्या ताटात लहान मुले जेवतात. आत काय होते हे सांगता येत नसेल, तर ते भांडे भाजीचे नाही, एवढा एकच नियम पुरेसा आहे.