काळीं भेदरें आणि घरचें बीं

नव्या वस्तूविषयीं मनुष्यास कुतूहल वाटावें हें स्वाभाविक आहे. परंतु कुतूहल निराळें आणि नुसती हौस निराळी. टोमॅटो, ज्यास आमच्या वऱ्हाडांत जुनीं माणसें अजूनही भेदरें म्हणतात, तो तांबडाच असावयाचा अशी आपली समजूत. आतां वांग्यासारख्या काळ्या-जांभळ्या टोमॅटोचीं चित्रें मुलांना मोबाईलवर दिसतात आणि 'आपणही हे लावूं' असा हट्ट घरांत सुरू होतो. पालकांनीं तो अवश्य पुरवावा असें माझें मत आहे. मात्र एक अट घालावी. बीं किंवा रोप विकत आणावयाचें तें पहिल्याच वर्षीं. पुढील वर्षाचें बीं मुलानें आपल्या झाडाच्या फळांतून स्वतः काढलें पाहिजे.

काळीं म्हणून जीं फळें दाखवितात त्यांत दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत. 'ब्लॅक क्रिम', 'चेरोकी पर्पल' यांसारख्या जातींत फळ पिकतांना हरितद्रव्य पुरतें नाहींसें होत नाहीं. हिरवा व तांबडा रंग एकत्र राहून फळास काळपट तपकिरी छटा येते. दुसरा प्रकार खरा जांभळा. वांग्याच्या सालीला आणि जांभळाला रंग देणारें अँथोसायनिन हें द्रव्य त्याच्या सालींत उतरतें. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्य विद्यापीठांत जिम मायर्स यांनीं सिद्ध केलेली 'इंडिगो रोझ' ही जात २०१२ सालीं लोकांपुढें आली. तिच्यांतील जांभळा रंग रानटी टोमॅटोशीं झालेल्या संकरांतून आलेला आहे. टोमॅटोच्या कुळाबाहेरचें तिच्यांत कांहीं नाहीं.

या दुसऱ्या प्रकाराची एक मौज मुलांनीं पाहण्यासारखी आहे. ऊन पडेल तेवढ्याच भागावर हा रंग चढतो. देठाच्या पाकळ्यांखालीं झांकलेली साल हिरवीच राहते. फळ लहान व हिरवें असतांना त्यावर आपल्या नांवाच्या पहिल्या अक्षराची कागदी पट्टी चिकटवावी आणि कांहीं आठवड्यांनीं काढून पाहावी. पुस्तकांतील दहा ओळींनीं जें समजत नाहीं तें त्या एका अक्षरानें समजतें. आणखी असें कीं हीं फळें कच्चीं असतांनाच काळीं होतात. रंग पाहून जो घाईनें तोडील त्याच्या तोंडीं आंबटढाण हिरवें फळच यावयाचें. खालची, सावलींतील बाजू तांबडी झाली आणि फळ बोटाला किंचित् मऊ लागलें म्हणजेच तें पिकलें असें समजावें.

आतां आपल्या मातीचा विचार करूं. अमरावतीहून नागपूरकडे जातांना लागणारें तिवसा तालुक्यांतील गुरुकुंज मोझरी आणि आसपासचीं गांवें कपाशी, तूर व संत्र्यांचीं. येथील काळी जमीन कपाशीला मानवते. टोमॅटोच्या कोंवळ्या रोपास मात्र ती जपूनच द्यावी लागते. पावसाळ्यांत ती पाणी धरून बसते व मुळें गुदमरतात, उन्हांत तिला भेगा पडतात. यास्तव वीतभर उंच गादीवाफा करून त्यांत कुजलेलें शेणखत व थोडी वाळू मिसळावी. पोळा झाल्यावर बीं टाकावें आणि दसऱ्याच्या सुमारास रोपें लावावीं. वैशाखांत पारा ४५ अंशांकडे धांवूं लागला म्हणजे या झाडाचें कांहीं चालत नाहीं. ३५ अंशांच्या वर फूल गळतें आणि तांबडा रंगही नीट भरत नाहीं. उलट आपला हिवाळा, स्वच्छ ऊन व थंड रात्र, जणूं याच फळासाठीं आहे.

रोप निवडतांना उंचीला भुलूं नये. सावलींत वाढलेलें लांबट, फिकट रोप लावल्याबरोबर मान टाकतें. बुटकें, जाड देठाचें, चार-पांच पानांचें रोप चांगलें. लावण्यापूर्वीं आठवडाभर त्याला थोडें ऊन व थोडी तहान सोसावयास लावावें. मग संध्याकाळीं, खालचीं पानें खुडून, नेहमींपेक्षां खोल लावावें. मातींत गेलेल्या देठालाही मुळें फुटतात. आधारास पऱ्हाट्या व तुराट्या आहेतच, त्या काय विकत आणावयाच्या? पांढऱ्या माशीवर नजर ठेवावी. तिच्यामुळें पानें आकसलीं तर तें झाड उपटून टाकण्यांत दयामाया नको.

काळें टोमॅटो खाल्ल्यानें मोठमोठे रोग पळतात असें कोणी सांगितल्यास पालकांनीं हंसून सोडून द्यावें. २००८ सालीं इंग्लंडांतील जॉन इनेस सेंटर येथें कॅथी मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्नॅपड्रॅगन या फुलझाडाचीं जनुकें घालून गरापर्यंत जांभळा असा टोमॅटो बनविला, आणि तो चारलेले कर्करोगप्रवण उंदीर अधिक दिवस जगले. ते उंदीर होते, माणसें नव्हेत; आणि ती जातही निराळी. अमेरिकेंत तिचें बीं २०२४ पासून घरगुती बागाइतांना मिळूं लागलें; आपल्या देशांत तिच्या लागवडीस परवानगी नाहीं. आपल्या परसांत लावावयाचीं तीं साधीं, संकरानें व निवडीनें झालेलीं झाडें.

'बाजारांत टोमॅटो ढिगानें मिळतो, मग हा खटाटोप कशाला?' असें कोणी विचारील. जुलै २०२३ मध्यें कित्येक शहरांत तो किलोला शंभर रुपयांच्याही वर गेला होता, आणि शेतकऱ्यानें तोच रस्त्यावर ओतून दिल्याचेंही आपण अनेकदां वाचतों. पण चार झाडांनीं घरखर्च भागेल असें माझें म्हणणें नाहीं. माझा रोख बियांकडे आहे. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि संकरित कपाशीचें बीं दर हंगामास दुकानांतून आणणें हेंच वऱ्हाडांत सर्वत्र रूढ झालें. त्याचे हिशेब मोठ्यांनीं मांडावेत. परंतु बीं ही पाकिटांतूनच निघणारी वस्तु आहे अशी मुलांची समजूत होऊं लागली आहे, हें मला खटकतें. १९३५ सालीं ज्या मोझरीस तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि जेथून गांवानें स्वावलंबी व्हावें असें सांगितलें गेलें, तेथें तरी असें होऊं नये. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण हात विसरले तर तो हक्क कागदावरच राहावयाचा.

याकामीं टोमॅटोइतकें सोपें पीक विरळा. त्याचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून सरळ वाणाचें बीं पुढेंही तसेंच निघतें. संकरित रोपाचें मात्र तसें नाहीं. विकत घेतांना 'हें संकरित कीं सरळ?' हा एक प्रश्न विचारावाच. 'चेरोकी पर्पल' आज जगभर पसरला आहे तो टेनेसींतील एका गृहस्थानें १९९० सालीं क्रेग लेहुलियर यांस टपालानें धाडलेल्या चिमूटभर बियांवरून.

सर्वांत निरोगी झाडाचें पुरतें पिकलेलें फळ घ्यावें. गर व बिया वाटींत काढून दोन-तीन दिवस आंबूं द्याव्या, रोज ढवळाव्या. मग पाणी घालावें. भरलेल्या बिया तळीं बसतात, पोंचट वर तरंगतात. धुऊन ताटलींत सावलींत वाळवाव्या; कागदावर पसरल्यास त्या चिकटून बसतात. कोरड्या बाटलींत त्या चार-पांच वर्षें टिकतात. बाटलीवर जातीचें नांव व साल लिहावें, आणि त्यांतील निम्म्या शेजारच्या मुलास द्याव्या.