ठेका धरला की पाऊल सुटते

बिडकीनच्या माझ्या दवाखान्याच्या उंबरठ्यापाशी सत्तरीतले एक आजोबा दर महिन्याला अडतात. कंपवातामुळे, म्हणजेच पार्किन्सनमुळे, त्यांची पावले जमिनीला खिळल्यासारखी होतात. मुलगा हात ओढी आणि मीही आतून ‘चला, चला’ म्हणत असे. अशा घाईने पाऊल अधिकच रुतते, हे ठाऊक असूनही! एकदा सुनेने सहज टाळ्यांचा ठेका धरला. तरुणपणी नाथषष्ठीच्या दिंडीत पावली खेळलेले आजोबा त्या ठेक्यावर उंबरठा ओलांडून आत आले.

यात चमत्कार नाही. मेंदूतील डोपामिन घटले की चालण्याची अंगभूत लय बिघडते. कानावर पडणारा ठेका तीच लय बाहेरून पुरवतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही पार्किन्सनच्या रुग्णांना नृत्य शिकविले आहे. नृत्याने हा आजार बरा होत नाही, गोळ्याही सुटत नाहीत. परंतु तोल व चाल सुधारण्यास मदत होते. शिवाय व्यायामाचा कंटाळा करणारा माणूस गाण्यासाठी मात्र उठतो.

आपल्या गावी असा वर्ग नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा तोल तपासून घ्यावा आणि घरीच आरंभ करावा. गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडावी. पहिले काही दिवस खुर्चीत बसूनच हात-पाय तालावर हलवावेत. उभे राहताना जड टेबलाचा आधार असावा, सतरंजी गुंडाळून ठेवावी, घसरणाऱ्या चपला नकोत. वळताना जागेवर गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. उठताच अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. गाणे रुग्णाच्या आवडीचे असावे, नातवाच्या नव्हे.

पावलीतील मागे येणारे पाऊल मात्र मी वर्ज्य सांगतो. कंपवातात मागे तोल जाण्याची भीती मोठी. आजोबांना हे मुळीच पटले नाही. “मागं न येता पावली कशी होईल, डॉक्टरसाहेब?” त्यांनी विचारले. अखेरीस पुढे टेबल धरून, पाठीशी मुलगा उभा असताना, एकच पाऊल मागे, या बोलीवर मी परवानगी दिली.