क्लेशाचीही नोंद हवी

कर्करोगाच्या रुग्णाला रुग्णालयात रोज अनेक प्रश्न विचारले जातात. ताप आहे काय, अन्न जाते काय, वेदना कितपत आहेत? मनाची अवस्था कशी आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. डॉक्टर निर्दय असतात म्हणून असे घडते, असे नव्हे. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आले असता काय बोलावे, हे त्यांतील अनेकांना कोणी शिकविलेलेच नसते. मग 'घाबरू नका, सारे ठीक होईल' एवढे म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळतात. हेतू धीर देण्याचा असतो. परंतु रुग्णाच्या ओठांवर आलेले शब्द त्यामुळे तेथेच विरतात.

वैद्यकीय वृत्ती बदलू शकते, हे मात्र निश्चित. शिकागोतील एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कर्करोगाचे निदान रुग्णास सांगू नये असा कल सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी दर्शविला होता. १९७९ च्या अशाच अमेरिकन पाहणीत ९७ टक्के डॉक्टर ते सांगण्याच्या बाजूचे निघाले. परंतु निदान सांगणे वेगळे आणि ते ऐकून हादरलेल्या माणसास सावरणे वेगळे. हा भेद ओळखून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कर्करुग्णांच्या मनोव्यथेसाठी स्वतंत्र सेवा उभारली. पुढे अमेरिकेत 'क्लेशमापक' प्रचारात आला. तापमापकासारख्या चित्रावर शून्य ते दहांपैकी एका आकड्यावर रुग्णाने खूण करावयाची. आकडा चार वा अधिक असेल, तर पुढील चौकशी करावयाची. 'मनोविकार' म्हटले की रुग्ण बिचकतो. 'क्लेश' सांगण्यास लाज वाटत नाही, हे त्यामागील शहाणपण होय.

आपल्याकडील गर्दीत एवढा वेळ कोठून आणावयाचा, हा आक्षेप खोटा नाही. परळच्या टाटा रुग्णालयात दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात, आणि आजाराच्या भयाइतकीच खर्चाची व मागे राहिलेल्या मुलांची चिंता त्यांना पोखरते. परंतु एक प्रश्न विचारून त्याची नोंद करण्यास फार वेळ लागत नाही. ते काम परिचारिका वा समाजसेवकही करू शकतील. डॉक्टरांनी एवढेच करावे: खुर्ची ओढून बसावे, 'सर्वांत अधिक कशाची भीती वाटते?' असे विचारावे आणि उत्तर येईतो गप्प राहावे. 'त्यांना काही सांगू नका' असा आग्रह नातलगांनी धरला, तरी किती जाणून घ्यावयाचे हे रुग्णासच विचारावे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाले असेल, तर मात्र विलंब न लावता त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे धाडावे.

२०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात संवादाचे शिक्षण आले, हे योग्यच झाले. परंतु त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांचे काय? त्यांच्या प्रशिक्षणाची आणि रुग्णालयांत समुपदेशकांची पदे निर्माण करून ती भरण्याची जबाबदारी शासनाने व संस्थांनी उचलली पाहिजे. प्रत्येक कर्करोग बरा करणे डॉक्टरांच्या हाती नाही. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे मात्र निश्चितच आहे.